रंगाखालची आडवी रेष

पूर येऊन गेलेल्या घराला दिलेला रंग फार वर्षं टिकत नाही, पण घर विकलं जाईपर्यंत तो सहज टिकतो. सांगली, कोल्हापूर, चिपळूण, महाड, बदलापूर या गावांतली कितीतरी घरं २०१९ आणि २०२१च्या पावसाळ्यांत पाण्यात गेली, आणि घरं म्हटल्यावर ती विकलीही जाणारच. बघायला आलेलं गिऱ्हाईक भिंतीवर डाग शोधतं, हात फिरवून ओल लागते का बघतं, वास घेतं. यातलं काहीच चूक नाही, पण हे पुरावे कच्चे आहेत. डाग गळक्या नळाचा असू शकतो, वास बंद खोलीचा असू शकतो आणि नवा रंग दिवाळीचा. पुराचा पक्का पुरावा वेगळा आहे : घरभर एकाच उंचीवर सापडणाऱ्या खुणा. शोधायची आहे ती पातळी.

याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. घरातली ओल बहुतेक वेळा केशाकर्षणानं चढते. विटा, गिलावा, माती यांतल्या बारीक पोकळ्या पाणी वर ओढतात, आणि पोकळी जितकी बारीक तितकं पाणी उंच जातं. एक मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं. त्रिज्या शंभरपटीनं कमी केली तर तत्त्वतः दीड मीटर. म्हणजे ओल किती चढणार हे भिंत कशाची आहे यावर ठरतं, आणि ऊन-वारा तिला किती सुकवतो यावरही. म्हणूनच जोत्यातून चढलेल्या ओलीची कड वेडीवाकडी असते : सावलीतल्या भिंतीवर वर, उन्हाच्या भिंतीवर खाली, लाकडी कपाटावर बहुधा नाहीच. घरात शिरलेलं पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाचं ऐकतं. समोर वीट आहे, सागवान आहे की लोखंडी जाळी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते सगळ्या खोल्यांत एकाच पातळीला उभं राहतं. गवंडी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन एका भिंतीवरची खूण दुसऱ्या भिंतीवर नेतो, ते याच नियमाच्या भरवशावर. तीच नळी घर बघतानाही चालते. दिवाणखान्याच्या खिडकीवरची संशयास्पद खूण तिनं स्वयंपाकघरात न्यायची आणि तिथे त्याच उंचीवर काही दिसतं का ते पाहायचं.

इथे एक गुंतागुंत आहे, आणि ती फार उपयोगाची आहे. पाणी चार दिवस उभं राहिलं की भिंत ते आणखी वर ओढते, त्यामुळे गिलाव्यावरची कड खऱ्या पातळीच्या बरीच वर जाऊ शकते. खरी पातळी सांगतात त्या पाणी न शोषणाऱ्या वस्तू. दाराच्या तीन बिजागऱ्यांपैकी खालच्या दोन गंजलेल्या आणि वरची स्वच्छ, हे दृश्य अख्ख्या भिंतीपेक्षा बोलकं आहे. (समुद्रकाठी खाऱ्या हवेनं तिन्ही गंजतात, तिथे ही खूण सोडून द्यावी.) प्लायवूडच्या कपाटाचे थर खालच्या भागात सुटलेले असतात, कारण साध्या प्रतीच्या प्लायवूडमधला डिंक दमट हवेला तोंड देतो, दिवसेंदिवसच्या बुडण्याला नाही. आणि मग गाळ. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण अगदी स्थिर पाण्यातही फूटभर खाली बसायला साधारण एक दिवस घेतो. तोवर पाणी जिथे जिथे पोचतं तिथे तो कणही पोचलेला असतो : स्विचबोर्डाच्या डब्यात, सरकत्या खिडकीच्या खाचेत, स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या कप्प्यामागे, चौकट आणि भिंत यांच्या फटीत. घर धुताना फरशी धुतली जाते, स्विचबोर्डाची पाठ सहसा राहून जाते. मुख्य स्विच बंद करून वायरमनकडून एक झाकण उघडून घेतलं तर आत कोरडा, मऊ, पिठासारखा थर सापडतो. तो थर गळक्या नळानं येत नाही.

हुशार मालक स्विचबोर्डही बदलेल, दारंही नवी बसवेल, असा आक्षेप घेता येईल. बदलेलच. पण फक्त कमरेखालचं सगळं नवं आणि वरचं जुनं, ही विभागणीसुद्धा आडवीच असते. खालचे प्लग छातीच्या उंचीवर नेले असतील, तर जुन्या झिरीचा बुजवलेला पट्टा तिरप्या प्रकाशात दिसतो. शिवाय क्षार आहेत. भिंत सुकताना पाणी उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागाशी साठतात. यालाच आपण लोणा म्हणतो. सोडियम सल्फेट पाणी धरून स्फटिक बनतं तेव्हा त्याचं आकारमान सुमारे तिप्पट होतं, आणि कितीही चांगला रंग त्या रेट्यापुढे पोपडे धरून सुटतो. हे सावकाश चालतं, म्हणून रंग ताजा असताना काही दिसत नाही. काहीजण ओल मोजायचं यंत्र आणतात. त्यावर फार विसंबू नये : भिंतीतून वीज किती सहज वाहते यावर ते चालतं आणि क्षारही वीज वाहून नेतात. जवळजवळ कोरडी पण लोणा धरलेली भिंत त्याला ओलीच वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जलसंपदा खात्यानं नद्यांच्या पूररेषा आखल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा अपेक्षित पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. मग भिंती खरवडायच्या कशाला? नकाशा जरूर पाहावा. पण तो जमिनीविषयी बोलतो, घराविषयी नाही. निळ्या रेषेच्या आत उंच जोत्यावर बांधलेलं घर कोरडं राहिलेलं असू शकतं, आणि रेषेबाहेरचं घर तुंबलेल्या नाल्यानं बुडालेलं असू शकतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीकाठ नसलेल्या वस्त्यांतही पाणी शिरलं. फ्लॅटच्या बाबतीत तर आतल्या भिंतींपेक्षा जिन्याखालची जागा, मीटरची खोली आणि लिफ्टचा खड्डा बघावा. सामाईक जागा रंगवायची घाई कोणालाच नसते. शेजाऱ्याची कुंपणाची भिंतही विकणाऱ्याच्या हातात नसते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२च्या कलम ५५नुसार विकणाऱ्यानं स्वतःला माहीत असलेले, पण घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही न दिसणारे महत्त्वाचे दोष उघड करायचे असतात. याची दुसरी बाजू अशी की जे बघितल्यावर दिसलं असतं, ते न बघण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. तरीही पूर पाहिलेलं घर घेऊच नये, असं मला वाटत नाही. पक्क्या विटांचं, सिमेंटातलं घर नीट सुकवलं असेल तर एका पुरानं मोडकळीला येत नाही. काँक्रीटमधलं लोखंडही त्यातल्या अल्कलीमुळे लगेच गंजत नाही. काळजी मातीच्या बांधकामाची आणि काळ्या जमिनीवरच्या उथळ पायाची, कारण ती जमीन भिजून फुगते आणि सुकून आकसते. तिथे दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगा आधी पाहाव्यात. बाकी प्रश्न किमतीचा आणि तयारीचा उरतो, आणि त्यासाठीच सापडलेली पातळी नुसत्या होय-नाहीपेक्षा मोलाची ठरते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेली होती. जवळच्या एखाद्या घरातली त्या पुराची खूण उंबऱ्यापासून चार फुटांवर असेल, तर पुलावर साडेत्रेपन्नच्या आसपास आकडा आला की पाणी उंबऱ्याला लागतं, असा ढोबळ हिशेब निघतो. ढोबळच, कारण वाहत्या नदीला उतार असतो आणि पुलापासून दूर गेलं की फरक पडतो. पण पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या घरात राहणाऱ्याला गाद्या, फ्रीज आणि कागदपत्रं वर न्यायला किती फूट हाताशी आहेत, हे त्यावरून मांडता येतं.