बोर्ड घेण्याआधी हे वाचा! (आर्मबियनप्रेमी, विसरवाडी)

रास्पबेरी पाय २०१२ साली आला आणि तळहाताएवढ्या संगणकांचं पेवच फुटलं. ऑरेंज पाय, बनाना पाय... नावं फळांची, स्वभाव मात्र वेगवेगळे.

पीसीवर लिनक्सची एकच आयएसओ बहुतेक सगळीकडे चालते. या आर्म चिपवाल्या बोर्डांचं तसं नाही. कुठली चिप कुठल्या पिनवर आहे, हे कर्नलला सांगणारी ‘डिव्हाइस ट्री’ दरेक बोर्डाची निराळी असते. पुष्कळदा कंपनी बोर्ड विकते, एक जुना कर्नल देते आणि पुढच्या मॉडेलकडे वळते. मग तो बोर्ड सांभाळतात आर्मबियनसारखे प्रकल्प. स्लोव्हेनियाच्या इगोर पेचोव्हनिकने सुरू केलेलं हे डेबियन-उबुंटूवरचं काम आज जगभरचे स्वयंसेवक करतात. म्हणून भाव बघण्याआधी त्या बोर्डाला आर्मबियनमध्ये असलेल्या सपोर्टची पातळी बघा. नुसतं ‘कम्युनिटी’ लिहिलं असेल, तर पुढचं अपडेट कुणाच्या तरी फावल्या वेळावर अवलंबून!

सुरत-धुळे हायवेवरच्या आमच्या विसरवाडीत लाइट गेली की दोन गोष्टी छळतात. एक, एसडी कार्ड, लिहिता लिहिता वीज गेली तर बिघडू शकणारं. आर्मबियन लॉग रॅममध्ये ठेवतं, त्यामुळे कार्डावर लिहिणं कमी होतं. तरी अचानक बंद पडणं वाईटच, छोटा यूपीएस लावा. दुसरी, घड्याळ. पुष्कळ बोर्डांत त्याची बॅटरी नसते. नेट नसताना वेळ चुकते आणि नेट आल्यावरही ती जुळेपर्यंत सुरक्षित वेबसाइटी प्रमाणपत्रावरून कुरकुरतात. बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारं आरटीसी मॉड्यूल फार महाग नसतं.

एवढं जमलं की बोर्डावर किविक्स हे ऑफलाइन वाचनाचं सॉफ्टवेअर टाका. मराठी विकिपीडिया नेटशिवाय, वायफायवरून आसपासच्या मोबाइलांत उघडतो.