विश्लेषण : नाक नसलेल्या बुरशीला टोमॅटोचे मूळ सापडते कसे?

टोमॅटोची खालची पाने पिवळी पडतात, मग झाड मान टाकते. खोड चिरले तर आत तपकिरी रेषा दिसतात. शेतकरी याला ‘मर’ म्हणतात. यामागे असते जमिनीत वर्षानुवर्षे तग धरणारी ‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’ ही बुरशी. तिला डोळे नाहीत, नाक नाही. तरीही मातीतल्या अंधारात तिचे तंतू नेमके मुळाकडे वळतात. ते कसे?

रिसेप्टर म्हणजे काय?

पेशीच्या आवरणात काही प्रथिने अडकवलेली असतात. बाहेरचा रेणू येऊन चिकटला की त्यांचा आकार बदलतो आणि आत निरोप पोहोचतो. ही प्रथिने म्हणजे रिसेप्टर. ती कशी घडवायची याची कृती जनुकात असते. यातले एक मोठे कुटुंब ‘जी-प्रथिनाशी जोडलेल्या’ रिसेप्टरांचे. त्यातील प्रत्येक प्रथिन आवरणातून सात वेळा आरपार गेलेले असते. आपली दृष्टी आणि वासाची जाणीव याच कुटुंबावर चालते. त्यावरील संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोवित्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना 2012 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

यीस्टने काय शिकवले?

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये ‘ए’ आणि ‘अल्फा’ अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. अल्फा पेशी 13 अमिनो आम्लांची एक छोटी साखळी बाहेर सोडते. हा तिचा कामगंध. (शेतात किडींसाठी कामगंध सापळे लावतात, त्यामागचे तत्त्व हेच.) ‘ए’ पेशी ‘एसटीई-2’ या रिसेप्टरने तो गंध टिपते, विभाजन थांबवते आणि गंध जिकडून येतो तिकडे टोक काढून वाढू लागते. हे जनुक काढून टाकले, तर तिला जोडीदाराचा पत्ताच लागत नाही.

मग फ्युजेरियमचा काय संबंध?

इथे गोष्ट रंगते. या बुरशीत लैंगिक प्रजनन आढळलेले नाही. जोडीदार शोधायचाच नसेल, तर कामगंध ओळखणारे जनुक हवे कशाला? पण ते तिच्यात आहे. स्पेनमधील कोर्दोबा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये याचे उत्तर दिले. टोमॅटोची मुळे पेरॉक्सिडेज नावाची विकरे बाहेर सोडतात. त्यांच्या क्रियेमुळे बुरशीचे तंतू मुळाकडे वळतात आणि त्यासाठी हाच ‘एसटीई-2’ लागतो. जनुक काढलेली बुरशी विकराकडे वळेनाशी झाली. जोडीदार शोधण्याचे साधन तिने भक्ष्य शोधायला जुंपले आहे.

झाडाची अडचण अशी, की पेरॉक्सिडेज त्याला बंद करता येत नाही. पेशीभित्ती बळकट करायला आणि रोगांशी झुंजायला त्याला तीच विकरे लागतात. जमिनीवरच्या सर्व वनस्पतींत ती आहेत.

इतर रोगांतही असेच घडते?

भातावरील करपा घ्या. या बुरशीचा बीजाणू पानावर पडला की आधी पृष्ठभाग चाचपतो. तो कडक आणि पाणी न धरणारा असेल, तरच पान भेदणारा फुगीर अवयव तयार होतो. या निर्णयात ‘पीटीएच-11’ हा रिसेप्टर महत्त्वाचा असल्याचे 1999 मध्ये समोर आले. हे जनुक नसलेल्या बुरशीत तो अवयव नीट बनत नाही.

शेतकऱ्याला उपयोग काय?

माणसाची रक्तदाबाची कित्येक औषधे याच कुटुंबातील रिसेप्टर अडवतात, मग बुरशीचे का अडवू नयेत? कल्पना आकर्षक आहे, पण घाई नको. ‘एसटीई-2’ नसलेली फ्युजेरियमसुद्धा अन्नघटकांकडे वळतच होती, कारण त्यासाठी तिच्याकडे दुसरी यंत्रणा आहे. म्हणजे एक दार लावले तरी दुसरे उघडेच. त्यामुळे मर रोगावर सध्या तरी रोगप्रतिकारक वाण, पिकांची फेरपालट, निरोगी रोपे आणि ट्रायकोडर्मा यांवरच भिस्त ठेवावी लागेल.