स्लॅबचा दिवस

नारळ मिक्सरच्या लोखंडी कडेवर फुटतो, पाणी सिमेंटच्या गोणीवर उडतं आणि काम सुरू होतं. सकाळचे साडेसात. महाड सोडून पोलादपूरकडे निघालं की महामार्गापासून थोडं आत हे घर आहे. आज त्याचा दुसरा स्लॅब पडायचाय. मालक मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलाय. ठेकेदार फोनवर खडीच्या डंपरवाल्याला शिव्या घालतोय. मे संपत आलाय, वळीव येऊन गेलाय, आणि मिरगाच्या आत स्लॅब झाला नाही तर काम थेट दिवाळीनंतर. त्यामुळे आज कुणाला दम धर म्हणायची सोय नाही.

घराचा तळमजला म्हणजे नुसते कॉलम. 2021 च्या जुलैत महाडची बाजारपेठ पुरात बुडाली, तेव्हापासून इकडे घर बांधणारा आधी जोत्याची उंची विचारतो. या मालकाने तर खालचा मजलाच मोकळा सोडलाय. एरवी गाडी लावता येईल, सावित्री वर आली तर पाणी खालून निघून जाईल. हिशेब बरोबर आहे. त्या हिशेबात काम करणारा माणूस दहा फूट आणखी वर गेला, एवढंच कुणी धरलेलं नाही.

मी वर चढतो. जिना म्हणजे सध्या नुसती काँक्रीटची उतरण, पायऱ्या अजून बांधायच्यात. वाळू भरलेल्या गोण्या टाकून पाय ठेवायची सोय केलीय, हाताला धरायला काही नाही. याच उतरणीवरून बाया घमेली घेऊन चढतात. लिफ्टचा मिक्सर आहे, पण कोपऱ्यातल्या बीमपर्यंत माल घमेल्यानेच पोचवावा लागतो. डोक्यावर टॉवेलाची चुंबळ, कासोटा घातलेलं लुगडं, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिशव्यांना घोट्याशी सुतळी. ओलं सिमेंट कातडी खातं, म्हणून पिशव्या. गमबूट मागितले होते का, असं एकीला विचारतो. ती माझ्याकडे बघते नि म्हणते, “सरका दादा, माल सुकतो.”

लिफ्टचं डबडं दोन लोखंडी रुळांवरून वर येतं. खाली लिव्हरवर एक पोरगा आहे, मिसरूड अजून फुटायचंय. वय विचारलं की अठरा सांगतो, न अडखळता. डबडं वर आलं की काठावरचा माणूस एका हाताने रूळ धरतो आणि दुसऱ्या हाताने ते आत पालथं करतो. कठडा नाही, आडवा बांबूसुद्धा नाही. त्याच्या रबरी चपलेची टाच स्लॅबच्या बाहेर आहे. मी बघत असताना तो हे पुन्हा पुन्हा करतो, मधेच खाली बघून कुणाची तरी थट्टा करतो.

व्हायब्रेटरची वायर जिन्यातून खालच्या बोर्डापर्यंत गेलीय. तिला पिन नाही. उघडी टोकं सॉकेटच्या भोकांत घालून आगकाड्यांनी दाबून बसवलीत. शेजारी पिंप, पिंपाभोवती चिखल, चिखलात वायर. इलेक्ट्रिशियन कुठाय, असं विचारल्यावर मुकादम आगकाड्यांकडे बोट दाखवून हसतो.

मुकादम लातूरकडचा. या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षं सेंटरिंग करतोय. त्याला सगळं कळतं, उगाच अडाणी समजू नये. “बेल्ट लावायचा तर हुक कुठं लावू, सांगा की. परांचीला? परांची सुतळीनं बांधलीय. तिला बेल्ट लावला तर माणूस परांचीसकट खाली येईल.” उत्तर बिनतोड आहे. बेल्ट म्हणजे नुसता पट्टा नव्हे. त्याला वर पक्का आधार लागतो, तो आधार सेंटरिंग ठोकतानाच धरून ठेवावा लागतो, आणि त्याचे पैसे कुणाच्या तरी दरात असावे लागतात. इथला दर चौरस फुटावर ठरलाय. त्यात फळ्या आहेत, टेकू आहेत, खिळे आहेत, स्लॅबच्या दिवशीचं मटणाचं जेवणही आहे.

बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवलंय का? हो, नोंदवलंय. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मिळाला, भांड्यांचा संच मिळाला, सुरक्षा पेटी मिळाली. पेटीतलं पिवळं हेल्मेट? “मोटारसायकलवर घालतो. हायवेला पोलीस असतात ना.”

मी डोकी मोजतो. वर-खाली धरून चोवीस. एरवी या साइटवर गवंडी, दोन बिगारी आणि एखादा फिटर, फार तर सहाजण. आज स्लॅबवाली टोळी आलीय, उद्या ती दुसरीकडे असेल. 1996 चा बांधकाम कामगारांचा कायदा म्हणत होता की मागच्या बारा महिन्यांत एका दिवशी जरी दहा कामगार कामावर असले, तरी कायदा लागू. म्हणजे स्लॅबच्या एका दिवसाने असं काम कायद्याच्या कक्षेत यायचं. पण त्याच कायद्याला मागचं दारही होतं: स्वतःच्या राहत्या घराचा खर्च दहा लाखांच्या आत असेल तर सूट. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. महाड-पोलादपूरच्या गावांत पन्नास लाखांत न बसणारी घरं किती निघतील? मालकाने दोन्हींतलं अक्षर वाचलेलं नाही, ठेकेदारानेही नाही. न वाचताच दोघं सुटलेत.

मालक मात्र वाईट माणूस नाही. घामाघूम होऊन वर येतो, सळईखाली कव्हर ब्लॉक बसलेत का ते वाकून बघतो, रिंगांमधलं अंतर स्वतःच्या टेपने मोजतो, मिक्सरमध्ये पाणी जास्त जातंय म्हणून पोरावर ओरडतो. ही काळजी महाडला महागात पडून आलीय. 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत खाली बसली आणि सोळा माणसं गेली. चार वर्षांचं पोर एकोणीस तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघालं, ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. तेव्हापासून इथे प्रत्येकजण आरसीसीवाल्याचं नाव विचारतो, सळईचा कागद मागतो. चांगलंच झालं. पण ही धास्ती पुढे घरात राहायला येणाऱ्यांची आहे. घर उभं राहीपर्यंत त्याच्या काठावर उभं राहणारा तिच्यात धरलेला नाही. रिंगांमधलं अंतर मोजणाऱ्या मालकाची पाठ आत्ता त्या लिफ्टवाल्याच्या चपलेपासून दोन हातांवर आहे. त्याने मागे वळून पाहिलेलं नाही.

अकराच्या सुमाराला एक बिगारी खाली काढून टाकलेल्या फळीवर पाय देतो. खिळा चप्पल भेदून आत जातो. तो खाली बसतो, स्वतःच खिळा उपसतो, मुकादम तंबाखू मळून जखमेवर दाबतो आणि वर फडकं आवळतो. पाच मिनिटंही मोडत नाहीत. मी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं काढतो. ठेकेदार लगेच म्हणतो, “देऊ की, देऊ. जेवणाच्या सुट्टीत सरकारी दवाखान्यात पाठवतो.” मनापासून म्हणतो. जेवणाच्या सुट्टीत मटण असतं, सगळे पंगतीत बसतात, तोही बसतो. नंतर मिक्सर पुन्हा सुरू होतो आणि तो लंगडत खडी ओढायला लागतो.

स्लॅब दुपारी तीनला पुरा होतो. मुकादम हात धुता धुता पुढचा बेत सांगतो: आठवड्याने प्लेटा आणि टेकू काढायचे, दुसऱ्या साइटला लागतात, भाडं दिवसावर चढतं. हॉलचा गाळा सोळा फुटांचा आहे. काँक्रीटचं भारतीय मानक, आय.एस. 456, साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याखालचे टेकू चौदा दिवस ठेवायला सांगतं. सोळा फूट म्हणजे पावणेपाच मीटरच्या वर. मी हे मालकाला सांगतो. तो मुकादमाकडे बघतो, मुकादम ठेकेदाराकडे. “चौदा दिवस ठेवू,” ठेकेदार म्हणतो, “मधल्या दिवसांचं भाडं तुम्ही बघा.” मालक लगेच कबूल होतो. सबंध दिवसात सुरक्षेसाठी खिशात हात गेला तो इथेच. स्लॅब त्याचा आहे ना.

ठेकेदाराचं दुसरं काम पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरच्या रस्त्याकडेला. तिकडे त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जातो. डोंगराच्या कुशीत घरासाठी जागा सपाट केलीय. जेसीबीने दरड उभी कापलीय, दीड-दोन पुरुष उंच. लाल माती, मधे जांभ्याचे गोटे, एका ठिकाणी ओल झिरपतेय. तिच्या पायथ्याशी संरक्षक भिंतीचा चर खणला जातोय. एक गवंडी, दोन कातकरी बिगारी, एकाची बायको माती उपसतेय. चराला फळ्यांचा आधार नाही. कापताना उतार ठेवला नाही, कारण उतार ठेवला तर घराची जागाच कमी होते. काढलेली माती चराच्या तोंडाशीच रचलीय.

2021 च्या 22 जुलैला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात इकडे केवनाळे आणि सुतारवाडीवरही दरडी आल्या. चर खणणाऱ्यांपैकी एकाचे नातलग त्या वेळी माती उपसायला गेले होते, असं तो फावडं न थांबवता सांगतो.

पाऊस लागल्यावर हे राहील का, असं मी दरडीकडे बोट करून विचारतो. “पावसाच्या आत भिंत झाली पाहिजे,” गवंडी म्हणतो. “भिंत झाली की मग भ्या नाय.”

मी फोटो काढायला चराजवळ सरकतो. तो ओळंबा खाली ठेवतो आणि हात वर करून मला थोपवतो.

“सायेब, तिथं उभं नका राहू. वरून गोटा सुटतो कधी कधी. सकाळी एक आलाच.”

मी मागे होतो. तो पुन्हा चरात उतरतो आणि बिगाऱ्याला लेव्हलची नळी मागतो.