मुलांचे पोट, आजीची गुटी आणि खानदेशचे केळे

रावेर, यावल, चोपडा ह्या बाजूस प्रथमच गेलेल्या मनुष्यास केळीच्या बागा पाहून नवल वाटते, व चार दिवसांनी त्याच बागांचा कंटाळा येतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत जिकडे पाहावे तिकडे तीच हिरवी रांग. सावदा, रावेर ह्या स्टेशनांवरून केळ्यांच्या वाघिणी भरभरून दिल्लीकडे जात आल्या आहेत, आणि २०१६ साली जळगावच्या केळ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु जी वस्तू दारी पिकते तिला औषधाचा मान देण्याची आपल्याकडे चाल नाही. मुलाचे पोट बिघडले की पहिल्याने बंद होते ते केळे. ते जड, ते कफ करणारे, रात्री तर नकोच. ह्याच केळ्याचे नाव एके काळी अमेरिकेत मुलांना जीवदान देणारे औषध म्हणून गाजले होते, आणि त्या कीर्तीचे कारण सर्वस्वी चुकीचे होते, ही हकीकत आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. ती सांगावी असे आम्हांस वाटण्याचे कारण केवळ मौजेचे नाही. घरच्या औषधाने मूल बरे झाले असे आपण म्हणतो, तेव्हा ते नेमके कशाने बरे झाले हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही; आणि तो न विचारल्यामुळे एखाद्या मुलाची वर्षेच्या वर्षे वाया जातात.

आधी घरच्या औषधाविषयी. जळगावात काय किंवा धुळ्यात काय, ज्या घरी तान्हे मूल आहे तेथे सहाण आणि गुटीची पुरचुंडी असावयाचीच. हिरडा, बेहडा, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, खारीक, बदाम. घरपरत्वे एखादी वस्तू कमी वा अधिक. सकाळी आजी सहाणेपाशी बसते आणि एकेकाचे वेढे मोजून उगाळते. पोट फुगलेले दिसले तर मुरुडशेंगेचा एक वेढा जास्त, शौचास खडा झाला तर हिरड्याचा, पातळ होत असेल तर जायफळाचा. ह्या एक-दोन वेढ्यांत औषधाचा अंश किती उतरत असेल, ह्याचा विचार केला तर तो फारच थोडा ठरतो. आमच्या मते गुटीचा खरा गुण त्या वेढ्यांत नसून ते मोजणाऱ्या आजीच्या डोळ्यांत आहे. रोज सकाळी मुलाची जीभ, पोट आणि दुपटे पाहणारे, आणि कालच्यापेक्षा आज काय बदलले हे ध्यानात ठेवणारे माणूस ज्या घरात आहे, त्या घरचे दुखणे लवकर ओळखू येते. डॉक्टरांच्या दवाखान्यात पाच मिनिटांत जे कळत नाही ते ह्या आजींना कळलेले असते. फक्त त्यांना कोणी विचारत नाही, हा भाग निराळा.

म्हणून गुटीची थट्टा करण्याचा आमचा विचार नाही. मात्र तिच्यातील दोन-तीन गोष्टी आता सोडल्याच पाहिजेत. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून मुलाच्या पोटात काहीही जाऊ नये, असे आजचे बालवैद्यक एकमुखाने सांगते. गुटी मधात कालवण्याची रीत वर्षाच्या आतील मुलास खरोखर धोक्याची आहे. मधात कधी कधी एका जंतूची बीजे असतात; मोठ्या माणसाच्या पोटात ती निरुपद्रवी राहतात, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात व मुलाचे अंग लुळे पडते. हा रोग १९७६ साली अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. वेखंडातील एका तैलांशावरून त्या देशात १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी आहे. आणि 'बाळागोळी' म्हणून जे विकत मिळे, व कोठे कोठे अजून मिळते, त्याच्याविषयी तर बोलावयासच नको. पूर्वी तिच्यात अफू असे; मूल गप्प निजे ते त्या अफूमुळे, पोट बरे झाल्यामुळे नव्हे. अशा काही गोळ्यांत शिसेही आढळले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. काही मुले अशी असतात की, गुटी बदला, वैद्य बदला, दृष्ट काढा, त्यांचे पोट ठिकाणावर येत नाही. आठ-नऊ महिन्यांपर्यंत गुटगुटीत असलेले मूल वरचे अन्न सुरू झाल्यावर हळूहळू सुकू लागते. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्या, कुल्ल्यांवरचे मांस उतरलेले, शौचास पुष्कळ, फिकट, चिकट व घाण वासाची, स्वभाव रडवा. रक्त कमी होते, उंची खुंटते. जुने वैद्य ह्यास ग्रहणीत घालीत. लंडनच्या सॅम्युअल गी ह्या डॉक्टरांनी १८८८ साली ह्या दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले व त्याचा उपाय झालाच तर आहारानेच होईल असे मत दिले. त्यांचा एक लहान रोगी रोज हॉलंडचे शिंपले खाऊन सुधारला व शिंपल्यांचा हंगाम सरताच पुन्हा आजारी पडला. आमच्या वाचकांच्या स्वयंपाकघरास ह्या माहितीचा काही उपयोग नाही, हे आम्ही जाणतो.

पुढे न्यूयॉर्कचे बालवैद्य सिडनी हास ह्यांना केळ्याचा शोध लागला. पोर्तोरिको बेटात पाव खाणाऱ्या शहरवासीयांस अशाच तऱ्हेचे जुनाट अतिसाराचे दुखणे होते, पण केळ्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्यांस ते होत नाही, असे त्यांच्या कानावर आले होते. त्यांनी मरणोन्मुख मुलांस केळी देण्यास सुरुवात केली. पाव, बिस्किटे, बटाटे व सर्व धान्ये बंद केली. १९२४ साली त्यांनी ह्या उपचाराची हकीकत प्रसिद्ध केली. मुले वाचली, बाळसे धरू लागली. केळ्याचा डंका वाजला, आणि पुढची कित्येक वर्षे अमेरिकेतल्या आया आपल्या मुलांना मोजून केळी खाऊ घालीत होत्या.

उपचार खरा होता, पण कारण खोटे होते. मुले केळ्याने वाचली नव्हती. पाव बंद झाल्यामुळे वाचली होती. हे हॉलंडातील डॉक्टर विलेम कारेल डिके ह्यांनी उघडकीस आणले. गव्हाविषयी त्यांना पूर्वीपासून संशय होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या हॉलंडात दुष्काळ पडला आणि पाव दिसेनासा झाला, तेव्हा इतर मुले सुकत असता ही मुले मात्र सुधारत होती. पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. युद्धानंतर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मलातील चरबी मोजमोजून गव्हाचा दोष सिद्ध केला. १९५० साली डिके ह्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. आज आपणांस ठाऊक आहे की, गहू व जव ह्यांत ग्लुटेन नावाचा जो चिकट अंश असतो, त्याच्यामुळे उपजत तसा कल असलेल्या मुलांच्या शरीराची रक्षणशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील बारीक अंकुर झिजून सपाट होतात व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. ह्या रोगास सीलियाक म्हणतात. हास ह्यांची जी मुले 'बरी' झाल्यावर पुन्हा पावावर आली, त्यांच्या आतड्यांचे नुकसान मागील पानावरून पुढे चालू राहिले. कारण आपण केळ्याने बरे झालो असाच त्यांचा समज होता.

हे वाचताना आम्हांस आपल्याकडील पर्पटीकल्पाची आठवण झाली. ग्रहणीच्या रोग्यास वैद्य रसपर्पटी देत व त्याबरोबर धान्य तोडून त्यास निव्वळ ताकावर किंवा दुधावर ठेवीत. रोगी उठून बसला म्हणजे श्रेय पारा-गंधकाच्या पर्पटीस मिळे. त्यांतील काहींना तरी गुण आला तो पोळी सुटल्यामुळे नसेल कशावरून? काश्यपसंहितेसारखा खास बालवैद्यकाचा ग्रंथ आहारास महाभैषज्य म्हणतो, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग केळ्याच्या अंगी काहीच गुण नाही काय? आहे, पण तो दुसऱ्या ठिकाणी. मुलाचे हगवणीचे दुखणे पंधरा-पंधरा दिवस रेंगाळते तेव्हा कच्चे, हिरवे केळे उकडून तांदळाच्या अन्नात कालवून देण्याचा प्रयोग ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात पाच ते बारा महिन्यांच्या ६२ मुलांवर करण्यात आला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. केळे मिळालेल्या मुलांपैकी चौथ्या दिवशी शेकडा ८२ मुलांची हगवण थांबली होती. नुसत्या तांदळाच्या अन्नावरील मुलांपैकी शेकडा २३. कच्च्या केळ्यातील पिष्ट लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, आणि त्यापासून जी आम्ले होतात त्यांच्या योगाने मीठ व पाणी अंगात परत शोषले जाते. रावेरकडे कच्च्या केळ्याची भाजी व वेफर घरोघर होतात. उकडलेले केळे पेजेत कुसकरणे त्याहून सोपे. तथापि हगवणीत पहिले औषध मीठ-साखरेचे पाणीच: लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी अशाच मीठ व साखरेच्या पाण्याने पटकीच्या हजारो रोग्यांना वाचविले. शौचास रक्त पडत असेल, डोळे खोल गेले असतील किंवा लघवी थांबली असेल तर घरी थांबू नये.

आता खानदेशच्या घरांविषयी. येथील जुने रोजचे अन्न म्हणजे दादर ज्वारीची भाकरी, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, भात, बाजरी, पश्चिमेकडे नागली. ह्यांपैकी एकातही ग्लुटेन नाही. गहू असे तो बट्टीत, पुरणाच्या मांड्यांत, सणासुदीला. आज बहुतेक सुशिक्षित घरांत दोन्ही वेळा पोळी असते, आणि मुलास दात येण्यापूर्वीच दुधात बुडवलेले बिस्कीट मिळते. गव्हाशी आमचे वैर नाही. बहुसंख्य मुलांना तो चांगला मानवतो. पण ज्या मुलाला तो मानवत नाही त्याच्यासाठी ह्या प्रांतात विलायती पिठाचे महाग डबे आणावे लागत नाहीत, हे मोठे भाग्य समजावे.

मात्र येथे एक घाई करू नये. संशय आला म्हणून आपणच गहू बंद करू नये. आधी डॉक्टरांकडे जाऊन त्या रोगाची रक्ततपासणी करून घ्यावी; मूल गहू खात असतानाच ती बरोबर निघते. गहू सोडून दोन-तीन महिने झाल्यावर केलेली तपासणी फसवी ठरते, आणि मग जन्मभराचे पथ्य खरोखर हवे की नको हे कळावयास मार्ग उरत नाही.

निदान झाल्यावरची अडचण औषधाची नसून एकत्र कुटुंबाची आहे. पथ्य जन्मभराचे व काटेकोर हवे. आणि घरात आजी, काकू, आत्या, शेजारच्या मावशी. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा पुढे येतो, "एवढ्याशा प्रसादाने काय होतंय गं?" म्हणून सासूबाई सुनेकडे पाहतात, आणि सून गप्प बसते. चिमूटभर रव्यानेही आतडे दुखावते हे सुनेने सांगण्यापेक्षा घरच्या कर्त्या पुरुषाने एकदा सर्वांसमोर सांगावे, म्हणजे त्या माउलीवरचा भार उतरतो. प्रसाद राजगिऱ्याचा वा केळ्याचा करता येतो. देवाची त्यास हरकत असल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. किंबहुना एकादशीच्या दिवशी भगर, साबुदाणा, शिंगाडा, राजगिरा अशी सगळी पंगतच ह्या मुलासाठी मोकळी असते.

धोका असतो तो न दिसणाऱ्या गव्हाचा. गिरणीत गहू दळल्यावर त्याच जात्यावर दळलेले ज्वारीचे पीठ ह्या मुलास चालत नाही. घरी जुने जाते पडले असेल तर ते धुवून पुसून पुन्हा मांडावे. खपली गहू चालतो हा समज खोटा आहे. बिबडे ज्वारीचे असतात ते चालतात, कुरडया चालत नाहीत. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून ताकातला व फोडणीतला हिंगही पाहून घ्यावा. आणि आजारी मुलाला सर्वांत सुरक्षित म्हणून आपण जो मऊ भात-मेतकूट देतो, त्या मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घातलेला असतो. ते घरीच, गहू वगळून व तेवढा तांदूळ वाढवून करावे. चवीत फरक पडत नाही. डबा निराळा ठेवावा, त्यातला चमचाही निराळा, आणि डब्यावर मुलाचे नाव घालावे.