क्रूझला निघालात? विमे चार असले तरी दवाखान्याचे बिल एकदाच मिळते

नंदुरबारहून मुंबई–गोवा क्रूझला निघालेल्या कुटुंबाच्या खिशात किती विमे असतात, हे मोजून पाहण्यासारखे आहे. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना टिक केलेला ४५ पैशांचा रेल्वे विमा. बँक खात्यातून दरवर्षी २० रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. घरातला मेडिक्लेम. क्रेडिट कार्डासोबत आलेले ‘मोफत’ संरक्षण. वर पॅकेज विकणारा एजंट म्हणतो, ‘ट्रॅव्हल इन्शुरन्स घेऊन टाका.’ चार असताना पाचवा कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल.

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर विम्यांच्या संख्येत नसून कोणता विमा कशासाठी पैसे देतो, यात आहे.

दोन जातीचे विमे

काही विमे झालेला खर्च भरून देतात. मेडिक्लेम, प्रवासातील उपचार, रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे हे सगळे या गटात मोडते. यात नियम एकच: खर्चापेक्षा जास्त मिळत नाही. दुसऱ्या जातीचे विमे ठरलेली रक्कम देतात. अपघाती मृत्यू, कायमचे अपंगत्व, रुग्णालयात रोजची ठरावीक रोख रक्कम. इथे अटी पूर्ण होत असतील तर प्रत्येक पॉलिसी आपापली रक्कम देते, एकीने दिले म्हणून दुसरी हात आखडता घेऊ शकत नाही.

उदाहरणार्थ, सिंगापूरच्या क्रूझवर गेलेल्या शहाद्याच्या प्रवाशाला तिथल्या रुग्णालयात ४ लाख रुपयांचे बिल आले असे समजू. त्याच्याकडे ३ लाख आणि ५ लाखांची दोन परदेश प्रवास संरक्षणे आहेत. हातात ८ लाख पडणार नाहीत. पूर्ण दावा ५ लाखांच्या पॉलिसीवर करता येईल, किंवा आधी ३ लाखांची वापरून उरलेला १ लाख दुसरीकडून घेता येईल. कोणत्याही मार्गाने बेरीज ४ लाखांच्या वर जात नाही. शिवाय परदेश प्रवासाच्या अनेक पॉलिसींत सुरुवातीची काही डॉलरची रक्कम प्रवाशालाच भरावी लागते, ती वेगळी.

आरोग्य विम्यात आधी कोणत्या पॉलिसीचा दावा करायचा, हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाचा आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने निवडलेल्या कंपनीची रक्कम अपुरी पडली तर उरलेल्या रकमेसाठी इतर कंपन्यांशी समन्वय तिनेच साधायचा असतो. व्यवहारात मात्र मूळ बिले पहिल्या कंपनीकडे जातात. म्हणून ती देण्याआधी प्रती काढून ठेवाव्यात आणि किती रक्कम मंजूर झाली याचे पत्र मागून घ्यावे. त्याशिवाय दुसरा दावा पुढे सरकत नाही.

जहाजावरचा दवाखाना ‘रुग्णालय’ असतो का?

सगळ्यात मोठी फट इथे आहे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित व्याख्येत रुग्णालय म्हणजे नोंदणीकृत संस्था, किंवा किमान १० खाटा (१० लाखांवरच्या शहरात १५), चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, शस्त्रक्रियागृह वगैरे असलेली जागा. जहाजावरचे वैद्यकीय केंद्र सहसा या चौकटीत बसत नाही. त्यात मेडिक्लेमला साधारणपणे २४ तास भरती लागते आणि अनेक पॉलिसी फक्त भारतातल्या उपचारांचेच पैसे देतात. समुद्रात ताप आला, सलाईन लावले, बिल केबिनच्या खात्यावर चढले, तर घरातला १० लाखांचा मेडिक्लेम तिथे बहुधा उपयोगाचा नाही. सरकारी आरोग्य योजनांचे कार्डही फक्त यादीतल्या रुग्णालयांत चालते.

हे काम ट्रॅव्हल विम्याचे. त्यातही मुंबई–गोवा हा देशांतर्गत प्रवास, त्यामुळे परदेश प्रवासाची पॉलिसी तिथे लागू होत नाही. सिंगापूर–मलेशियासाठी उलट. जहाज ज्या ज्या देशाच्या बंदरात थांबते, ते सगळे पॉलिसीत आहेत का आणि जहाजावरचे उपचार व तिथून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे वाचूनच पैसे भरावेत. रुग्णाला हलवायचे असेल तर विमा कंपनीच्या मदत केंद्राची आधी परवानगी लागते. खोल समुद्रात मोबाइलची रेंज जाते, म्हणून पॉलिसी नंबर आणि मदत केंद्राचा फोन कागदावर लिहून केबिनमध्ये ठेवलेला बरा. पीडीएफ ई-मेलमध्ये असून तिथे काही होत नाही.

गाडीला उशीर झाला, जहाज सुटले

नंदुरबारकरांसाठी हा खरा धोका आहे. सुरतमार्गे मुंबई गाठायची, तिथून बंदर. गाडी चार तास रखडली तर जहाज थांबत नाही. ४५ पैशांचा विमा इथे काहीच देत नाही. तो रेल्वे अपघातासाठी आहे: मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी १० लाख, अंशतः अपंगत्वासाठी साडेसात लाख, रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत. तरीही ती टिक करावीच, आणि नंतर येणाऱ्या लिंकवर वारसाचे नाव भरावे. ते बहुतेकांकडून राहून जाते. जहाज चुकल्याची भरपाई हवी असेल तर तसे कलम ट्रॅव्हल पॉलिसीत असावे लागते, आणि किती तासांच्या उशिरानंतर ते लागू होते हेही पाहावे लागते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक दिवस आधी मुंबईत पोहोचणे.

प्रवास मधेच तुटण्याचेही तसेच. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया जहाजावर ६६ जण कोरोनाबाधित आढळले आणि जहाज परत मुंबईला आले. अशा वेळी भरपाई मिळेल की नाही, हे पॉलिसीत लिहिलेल्या कारणांच्या यादीवर ठरते. साथ किंवा सरकारी आदेश वगळलेला असेल, तर पाच पॉलिसी असूनही हात रिकामेच.

सिकलसेल लपवू नका

नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण घरोघरी माहीत आहेत. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी किंवा थकवा वाढला की त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. विम्याच्या भाषेत हा आधीपासूनचा आजार. अनेक ट्रॅव्हल पॉलिसी तो वगळतात, काही फक्त जिवावर बेतल्यास मर्यादित खर्च देतात. तपासणीचे कार्ड घरात असताना अर्जात ‘आजार नाही’ लिहिले, तर दावा फेटाळण्याचे कारण आपणच दिले असे होते. मधुमेह, रक्तदाबालाही हेच लागू. दोन कंपन्यांना वेगवेगळी माहिती देणे तर आणखी वाईट.

नदीतली बोटही आलीच

क्रूझ म्हणजे समुद्रच असे नाही. सरदार सरोवर धरणापाशी केवडियाला ‘एकता क्रूझ’ २०२० पासून आहे. आणि १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात नर्मदेत भाविकांची बोट उलटून जीव गेले, ते जिल्हा विसरलेला नाही. अशा अपघातात ट्रॅव्हल पॉलिसी कोणाकडे असणार? तिथे २० रुपयांची योजना कामी येते: १८ ते ७० वयापर्यंत अपघाती मृत्यूला २ लाख, इतर विम्यांव्यतिरिक्त. बुडून मृत्यू झाल्यास पोलिसांत नोंद आवश्यक असते. ती झाली नाही तर दावा अडतो.

कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. नंदुरबारसाठी पुण्याचे कार्यालय आहे, वकील लागत नाही, फी नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा आदेश लोकपाल देऊ शकतात.