संशोधनाची सामग्री: साठवण आणि बॅकअपचे नियोजन

संशोधनाची सामग्री टिकते ती प्रतींमुळे. याचे एक जुने उदाहरण पाहा: धार जिल्ह्यातील नालछा म्हणजे पूर्वीचे नलकच्छपूर. तेराव्या शतकात जैन पंडित आशाधर यांनी इथे ग्रंथरचना केली. त्यांच्या ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती ठिकठिकाणी झाल्या, म्हणून ‘सागारधर्मामृत’ आजही वाचता येते. त्यांचे शिष्य मदन यांचे ‘पारिजातमंजरी’ हे नाटक मात्र धारला शिळेवर कोरलेले मिळाले. १९०३ साली सापडलेल्या त्या शिळेवर चारपैकी दोनच अंक आहेत. पुढचे दोन अद्याप हाती आलेले नाहीत. माध्यम दगडाचे असले, तरी दुसरी प्रत लागतेच.

आजचा सर्वमान्य नियम ३-२-१ असा आहे:

▪️ एकूण ३ प्रती.
▪️ २ वेगळ्या माध्यमांवर, उदा. लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क.
▪️ १ प्रत दुसऱ्या ठिकाणी किंवा क्लाउडवर.

नियोजन काम सुरू होण्याआधीच करावे. किती जागा लागेल, बॅकअप कोण आणि कधी घेणार, मुलाखतींसारखी खासगी सामग्री कोणाला दिसणार, हे लिहून ठेवावे. मूळ फाइलला हात न लावता कामाची प्रत वेगळी करावी. फाइलच्या नावातच ठिकाण, तारीख आणि क्रमांक असावा: ‘नालछा_शिलालेख_२०२५-०१-१२_०३’.

नुसते सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका जागी पुसलेली फाइल सिंकमुळे दुसरीकडूनही जाते. म्हणून जुन्या आवृत्त्या राखणारी सोय निवडावी आणि ठरावीक काळाने बॅकअपमधून काही फाइली परत उघडून तपासाव्यात.