पाऊस तीन मीटर, साठा किती?

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातली नगरपालिका असलेली दोन गावे. दोन्हीकडे वर्षाला ढोबळमानाने ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात पाणी वाचवायचे नियोजन कशाला, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर उपदेशाने न देता गणिताने द्यावे, असे आम्हांला वाटते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा ५० चौरस मीटरच्या छपरावर दीड लाख लिटर पडले. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १,२०,००० लिटर उरले. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. पाच माणसांच्या घराला कोरड्या २४० दिवसांत १,६२,००० लिटर लागतील. म्हणजे बरीचशी गरज छपरावरच भागते! पण हे पाणी ठेवायचे कुठे? आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाकी बांधावी लागेल. ती जवळजवळ घराएवढीच होईल. मात्र पिण्याचे व स्वयंपाकाचे, माणशी पाच लिटर पाणी एप्रिल-मेच्या ६० दिवसांसाठी साठवायचे तर १,५०० लिटरची टाकी पुरते. ती कुणालाही जमण्यासारखी आहे.

थोडक्यात, कोकणात अडचण साठवणीची आहे. कातळाच्या उतारावरून पाणी बघता बघता खाडीला मिळते. मोठा साठा करायचा तर धरणच हवे, आणि धरण आले की त्यातले पाणी कुणाला, हा वाद आलाच. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईकडे सिडकोच्या वसाहतींना जाते. त्याच तालुक्यातल्या खारेपाटातली गावे मात्र वर्षानुवर्षे गोड्या पाण्यासाठी तक्रार करीत आली आहेत. रोह्याची गोष्ट निराळी. कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते, कारण तिच्यात पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तलावाचे पाणी येते. एरवी ते पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे गेले असते; १९२७ पासून ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कोकणात उतरते. ज्यांच्या जमिनी या तलावात जाणार होत्या, त्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. त्याचे नेते सेनापती बापट. रोह्याची उन्हाळी नदी अशी विजेच्या मागणीवर चालते. वीजनिर्मिती कमी झाली तर नदीही आटेल.

हे निर्णय गावाच्या हातात नाहीत. गळती मात्र आहे, आणि ती मोजता येते. रात्री दोन ते चार या वेळात गाव झोपलेले असते. तेव्हा मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवून, टाकीत येणारे पाणी बंद करून, उंच टाकीतली पातळी पाहायची. समजा, टाकी १० मीटर बाय १० मीटर आहे आणि दोन तासांत पातळी पाच सेंटिमीटर उतरली. म्हणजे ५,००० लिटर गेले. दिवसाचे ६०,००० लिटर झाले. सुमारे ४४० माणसांचा वाटा! हा आकडा जरा फुगलेला असतो, कारण रात्री नळांत दाब जास्त असतो आणि काही घरांच्या टाक्याही त्याच वेळी भरत असतात. तरी गावाचा एकेक भाग बंद करीत गेले की गळका भाग सापडतो. गळती बुजवली की फायदा दुहेरी होतो, कारण पुरवठा बंद होऊन दाब गेला की त्याच भोकांतून गटाराचे पाणी आत शिरते.

पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाची परवानगी काढून वरच्या वर्गातली मुले हे मोजमाप पाहू शकतील. त्याआधी घरचा प्रयोग करावा. निजताना सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहावा आणि पहाटे कुणी नळ सोडण्याआधी पुन्हा पाहावा. मीटर नसेल तर टाकीत काठी बुडवून ओल्या खुणेची उंची मोजावी. मात्र रात्रीतून टाकीत नवे पाणी येता कामा नये.